सरावाचा माणूस

खांब्या आयुष्यात एकदाही बॉक्सिंग खेळला नाही, असं म्हटलं तर लोक हसतील. वीस वर्षं रिंगमध्ये उभा राहिलेला माणूस, नाक तीनदा मोडलेलं, डावा कान सुजून सुजून कायमचा जाड झालेला, आणि म्हणे खेळला नाही! पण खरंच नाही. त्याच्या नावावर एक सामना नाही. जिंकलेला नाही, हरलेलाही नाही. तो सरावाचा माणूस होता. पुढच्या आठवड्यात ज्याची मोठी लढत असेल, त्याला या आठवड्यात मारायला कोणीतरी लागतं ना, तो हा.

त्यात काय, नुसतं उभं राहायचं, असं कोणाला वाटेल. उभं राहून बघा एकदा. समोरचा पोरगा तयारीचा, अंगात वारं शिरलेलं, आणि तुम्हाला सांगून ठेवलेलं की त्याला लागेल असं मारू नका, पण त्याला सोपंही जाऊ देऊ नका. त्याचा खरा प्रतिस्पर्धी डावखुरा असेल तर आठवडाभर तुम्ही डावखुरे. तो वाकून येणारा असेल तर तुम्ही वाकून यायचं. आणि पडायचं नाही. पडलात की सराव मोडतो. हा पडत नसे, म्हणून त्याचं नाव पडलं खांब. पुढे त्याचा खांब्या झाला आणि आईबापांनी ठेवलेलं नाव कागदोपत्री उरलं. पोरं प्रेमाने खांब्या म्हणतात असं त्याला वाटायचं. मला विचाराल तर त्यात प्रेमबीम काही नव्हतं, पण असो.

त्या हॉलमध्ये एक नियम होता. डोक्यावर जोरात ठोसा बसला की कोच दोर ओलांडून आत यायचे, तोंडासमोर बोटं धरायचे आणि तीन प्रश्न विचारायचे. किती बोटं? वार कोणता? तारीख काय? चुकलास तर महिनाभर घरी. महिनाभर घरी बसलास की तुझ्या जागी दुसरा उभा, आणि तो एकदा उभा राहिला की तुला कोण विचारतो? म्हणून सरावाच्या माणसांनी आपली एक रीत पाडली होती. हाताला पट्ट्या गुंडाळताना गुंडाळताना वार आणि तारीख घोकायची. आज गुरुवार, अकरा. आज गुरुवार, अकरा. बाकावर चार माणसं बसलेली असायची आणि चौघांचे ओठ हलत असायचे. बोटांची तर चिंताच नव्हती. कोच नेहमी दोनच बोटं दाखवायचे. वीस वर्षांत त्यांनी तिसरं बोट उघडलं नाही. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांना माहीत आहे हे कोचना माहीत होतं. सगळा आनंदीआनंद.

एकदा एका जाड मानेच्या पोराने खांब्याच्या कानशिलावर असा ठोसा हाणला, की त्यानंतर तो घरी कसा पोचला, वाटेत कोण भेटलं, काय जेवला, यातलं काही म्हणजे काही त्याला आठवत नव्हतं. पण दोन, शनिवार, सव्वीस, ही तिन्ही उत्तरं त्याने खडाखड दिली होती म्हणे. ही गोष्ट बाकावर पुढे कितीतरी वर्षं चालली. हसून हसून पोट दुखायचं सगळ्यांचं. बाहेर मात्र कोणी बोलायचं नाही, असा अलिखित करार होता. खांब्याने बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

चाळिशी जवळ आली तसा तो तिथून बाहेर पडला. पडला म्हणजे काय, एक दिवस कोच म्हणाले, "खांब्या, आता पाय चालत नाहीत तुझे." झालं. निरोप नाही, काही नाही. तो एका फ्रेमच्या दुकानात लागला. फोटो, चित्रं, प्रमाणपत्रं, आरसे यांना चौकटी करून द्यायचं काम. त्याचे हात ठोसे खाणाऱ्याचे असले तरी कामाला सुरेख होते. हिरकणीने काचेवर एक रेघ ओढायची, काच टेबलाच्या कडेवर ठेवायची आणि अलगद दाबायची, की टक्क करून तुकडा वेगळा. लाकडाच्या पट्ट्यांचे कोपरे असे जुळवायचा की सांध्यात नख जाणार नाही. मालक गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे, "आमचा हा माणूस बोलत नाही, पण कोपरा बघा."

बारा वर्षं बरी गेली. मग कोपरे उघडे पडायला लागले.

आधी माप विसरायचा. टेप लावून चौकट मोजायची, वळून लाकडाकडे यायचं, की आकडा गायब. मग तो तळहातावर लिहायला लागला. मग तळहातावरचा आकडा कुठल्या चौकटीचा तेच आठवेना. दुकानातला ट्यूबलाइट डोळ्यांत घुसायला लागला, म्हणून त्याने आपल्या टेबलावरची ट्यूब काढून टाकली. राग तर असा यायचा की बाटलीचं झाकण उघडलं नाही म्हणून बाटली भिंतीवर. आणि तासाभराने डोळ्यांतून पाणी. कशासाठी, तर काही नाही. बायको विचारायची, "अहो, काय झालं?" तो म्हणायचा, "काही नाही." खोटं नव्हतं ते, त्याला खरंच माहीत नसायचं. एकदा चहा पिता पिता तो सहज म्हणाला, "मी नसतो तर बरं झालं असतं ना तुला." मग स्वयंपाकघरातल्या सगळ्या सुऱ्या आणि त्याची घरातली हिरकणी तिने एका डब्यात घालून शेजारणीकडे ठेवायला दिली. त्याने विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

बायको एका शिवणकामाच्या दुकानात कपड्यांची दुरुस्ती करायची. दोघांना मूलबाळ नव्हतं. सव्वीस वर्षांचा संसार, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आणि एकमेकांशिवाय तिसरं कोणी नाही. तीच एक दिवस पिशवी भरून आपल्या थोरल्या बहिणीकडे निघून गेली.

एका ताटलीपायी गेली, असं खांब्या समजून चालला होता. जेवताना काहीतरी बोलणं झालं, त्याने ताटली उचलून भिंतीवर मारली, ती फुटली. एवढंच. ताटली काय, नवीन आणता येते. त्यापायी कोणी सव्वीस वर्षं सोडून जातं का? पण ती गेली. तो रोज फोन करायचा, ती कधी उचलायची, कधी नाही. शेवटी एकदा म्हणाली, "आधी डोक्याच्या डॉक्टरांना दाखवा. ते काय म्हणतात ते मला कळू दे. मग मी यायचं का नाही ते ठरवते."

बस्स. खांब्याला एवढं पुरे होतं. त्याने याचा सरळ अर्थ लावला की डॉक्टरांनी ठणठणीत म्हटलं की बायको परत. आता कोणत्याही शहाण्या माणसाने तिला विचारलं असतं, बाई गं, तुला नेमकं काय ऐकायचंय? पण आयुष्यभर ज्याला प्रश्न विचारले गेले ते फक्त पास-नापास ठरवायला, त्याला दुसरा अर्थ सुचणार कुठून?

पहिल्या खेपेला तो एकटाच गेला. बाहेरच्या खोलीत फॉर्म भरणारी एक मुलगी होती. तिने पाच शब्द सांगितले. छत्री, मांजर, टेबल, लाल, विहीर. लक्षात ठेवा म्हणाली, नंतर विचारीन. मग शंभरातून सात सात वजा करायला लावले. मग कागदावर घड्याळ काढून त्यात पावणेनऊ वाजवायला सांगितले. आणि शेवटी म्हणाली, "आता ते शब्द सांगा बघू."

"छत्री," खांब्या म्हणाला. मग बराच वेळ खिडकीकडे बघत राहिला. "लाल."

"अजून?"

"अजून होते का?"

घड्याळाचे सगळे आकडे त्याने एका बाजूला दाटीवाटीने बसवले होते. मुलगी चांगली होती बिचारी. राहिलेले शब्द तिने स्वतःच सांगून टाकले, म्हणाली, "काळजी नका करू काका, दोन महिन्यांनी डॉक्टरबाई स्वतः बघतील, तोवर मशीनमध्ये डोक्याचं चित्र काढून आणा. आणि घरच्या कोणालातरी घेऊन या."

घाबरायचं सोडून खांब्या खूश झाला. कारण टेबलावर त्या छापील फॉर्मांचा गठ्ठा होता आणि सगळे फॉर्म एकसारखे होते. म्हणजे प्रश्न तेच! त्याने जिना उतरता उतरता खिशातल्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पेन्सिलीने सगळं उतरवून घेतलं.

पुढचे दोन महिने त्याने अभ्यास केला. काच कापताना, लाकूड घासताना, खिळे मारताना. छत्री मांजर टेबल लाल विहीर. त्र्याण्णव शहाऐंशी एकोणऐंशी बहात्तर पासष्ट. रोज सकाळी चहाच्या आधी एक घड्याळ. रद्दी कागदांवर पावणेनऊ वाजून वाजून घरभर पसारा झाला. एकदा मालकांनी विचारलं, "काय पुटपुटतोस रे दिवसभर?"

"देवाचं नाव घेतो," खांब्या म्हणाला.

"कोणत्या देवाचं नाव मांजर आहे?"

ठरलेल्या दिवशी बायको आली. बहिणीच्या घरून दोन बस बदलून आली होती. अंगावर नीट इस्त्रीची साडी, हातात पर्स घट्ट धरलेली. त्याला बघून जरा हसली. दवाखान्याच्या बाकावर दोघं शेजारी बसले, पाच महिन्यांनी. तिच्या अंगाला येणारा नव्या कापडाचा वास त्याला आला आणि त्याच्या मनात आलं, आजची संध्याकाळ घरी. दिवे लागतील तेव्हा दोघं असू.

आत जायची हाक आली तशी ती उठली. तो म्हणाला, "तू बस. लागलं तर बोलावतील." ती बसली.

आत डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरचं कोणी आलंय का?"

"बायको आहे बाहेर," खांब्या म्हणाला, "पण तिला ऐकायला फार कमी येतं. उगाच तुमचा वेळ जाईल."

काय म्हणावं या माणसाला! ती बाई दोन भिंतींपलीकडून सुई पडली तरी ऐकणारी. पण खांब्याला भीती होती की ती आत आली तर खरं बोलेल.

फॉर्म तोच होता. त्याने पाचही शब्द ओळीने सांगितले. वजाबाकी न अडखळता पार केली. घड्याळ तर असं काढलं की भिंतीवर टांगावं. डॉक्टरबाईंनी पहिला फॉर्म उघडून बघितला, भुवया वर केल्या. "गेल्या वेळी बरंच चुकलं होतं तुमचं."

"झोप झाली नव्हती हो. आणि घाबरलो होतो."

"डोक्याला कधी मार?"

"तरुणपणी थोडं खेळायचो. दोनतीनदा लागलं असेल."

"चिडचिड? विसरणं? उदास वाटणं?"

"छे छे. मजेत आहे."

बाहेर चाळीस माणसं थांबलेली, बाईंनी तरी कुठवर खोदायचं? चित्रातही डोळ्यांत भरण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी कागदावर लिहून दिलं, स्मरणशक्ती वयाप्रमाणे उत्तम. खांब्या तो कागद घेऊन बाहेर आला तो असा, जणू आयुष्यात पहिल्यांदा पंचांनी त्याचा हात धरून वर केला होता.

बायकोने कागद वाचला. पुन्हा वाचला. तिचा चेहरा उजळायची तो वाट बघत होता.

"म्हणजे तुम्हाला आठवतं," ती हळू आवाजात म्हणाली.

"आठवतं की!"

"सगळं?"

"सगळं म्हणजे सगळं!" खांब्याने छाती पुढे काढली. "मी सांगत नव्हतो तुला?"

मग कागदाची नीट घडी घालून तिने तो त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवला आणि चालायला लागली. तो मागे मागे गेला. "अगं, घरी कधी येतेस?" ती थांबली नाही. समोर जी पहिली बस आली तिच्यात चढली. ती तिच्या बहिणीकडे जाणारी बससुद्धा नव्हती.

खांब्याला काही म्हणजे काही उमगेना. पेपर पूर्ण सोडवला, पैकीच्या पैकी मिळवले, आणि बक्षीस हे? तो घरी आला. दोन कप काढून ठेवले होते सकाळी, त्यातला एक परत फडताळात ठेवला. पुढे कितीतरी दिवस तो दुकानातून आला की दिवा न लावता खाटेवर बसून राहायचा. खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाण्याचे नळ दिसायचे, तेवढेच बघत. शेजारपाजारचे आवाज यायचे, कोणाची मुलं भांडतायत, कोणी कोणाला जेवायला हाक मारतंय. त्याला हाक मारणारं कोणी नव्हतं. कधी कधी तो स्वतःच मोठ्याने "आलो" म्हणायचा. एकटेपणाने माणूस काय काय करतो, ते दुसऱ्याला सांगितलं तर हसू येईल. तो मात्र रडायचा.

तशातच दुकानात घोटाळा झाला. एक म्हातारी बाई नवऱ्याचा जुना फोटो घेऊन आली होती, एकुलता एक. मागचा पुठ्ठा मापाला कापायचा, तर खांब्याने पट्टी ठेवून फोटोच कापला. नवऱ्याचा एक खांदा टेबलावर वेगळा पडला. म्हातारी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने तो खांद्याचा तुकडा उचलला आणि हातरुमालात गुंडाळला. मालक त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "तू थोडे दिवस घरीच थांब." ते चांगल्या मनाने म्हणाले, पण खांब्याच्या कानांना ते वाक्य ओळखीचं होतं.

त्याने बायकोला फोन लावला. त्या दिवशी तिने उचलला.

"माझं काहीतरी बिनसलंय गं," तो म्हणाला. "मला काही आठवत नाही."

"परीक्षेत पास झालात ना? कागद दाखवलात मला."

"मी कॉपी केली होती. सगळं पाठ करून गेलो होतो."

पलीकडे ती हसली. तसलं हसू त्याने तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "तेव्हा बरं असणं सोयीचं होतं, आता आजारी असणं सोयीचं आहे. तुम्ही नाटक छान करता हो. मीच खुळी." आणि फोन बंद.

नाटक? कसलं नाटक? आपल्यावर कोणीतरी विश्वास ठेवायला हवा, आपलं डोकं किती वेळा हललंय ते कोणीतरी सांगायला हवं. असं सांगू शकणारा एकच माणूस होता. तो कोचकडे गेला.

कोच आता थकले होते. गच्चीवर रंगाच्या जुन्या डब्यांत झाडं लावून त्यांना पाणी घालत बसायचे. खांब्याने सगळं सांगितलं आणि म्हणाला, "तुम्ही डॉक्टरबाईंना एवढंच सांगा, मला किती बसायचे."

कोचनी झारी खाली ठेवली. "तुला? तुला कधी काय झालं? दरवेळी बरोबर उत्तरं द्यायचास की."

"ती कशी द्यायचो ते तुम्हाला माहीत आहे."

"मला काही माहीत नाही," कोच म्हणाले, आणि त्यांनी दुसऱ्या डब्याकडे तोंड फिरवलं. मग पाठमोरेच म्हणाले, "माझं नाव कुठे घेऊ नकोस हं, खांब्या. या वयात नको मला ते." लाज नावाची गोष्ट असते. पण ती गच्चीवर त्या दिवशी तरी सापडली नाही.

शेवटी खांब्या एकटाच पुन्हा डॉक्टरबाईंकडे गेला आणि तो पुठ्ठ्याचा तुकडा त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यावर पेन्सिलीने पाच शब्द, पाच आकडे आणि एक घड्याळ होतं. बाईंनी तो उचलून दोन्ही बाजूंनी बघितला.

"किती दिवस घोकलंत हे?"

"दोन महिने."

त्यांनी मग दुसरे पाच शब्द सांगितले. थोड्या वेळाने विचारलं. खांब्याला एकही आला नाही. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने अंदाजपंचे उत्तर ठोकलं नाही, मान खाली घालून म्हणाला, "येत नाही." मग त्याने वीस वर्षं सांगितली. पट्ट्या, बाक, दोन बोटं. बाई मध्ये न बोलता लिहीत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही घरात कसे असता ते तुम्हाला सांगता येणार नाही. ते बघितलेलं माणूस हवं. बायकोला खरंच ऐकू येत नाही का हो?"

"तिला स्वच्छ ऐकू येतं," खांब्या म्हणाला.

बाईंनी स्वतः फोन केला. काय बोलल्या ते त्याला कळलं नाही, पण चार दिवसांनी बायको आली. या वेळी तिघंही आत बसले. ती त्याच्याकडे न बघता, खुर्चीच्या टोकावर बसून, सांगायला लागली. बाटल्या, झाकणं, रडणं, सुऱ्यांचा डबा. खांब्या माना डोलावत होता. हो, हे खरं. हो, हेही खरं. मग ती थांबली. म्हणाली, "आणि गेल्या वर्षी तो एक रविवार."

खांब्याने वर बघितलं. कोणता रविवार?

"दुपारची वेळ होती. मी खिडकीचा पडदा सरकवला. उजेड यांच्या तोंडावर आला, तसे हे उठले आणि हात असे वर घेतले. खेळताना घेतात तसे. मी म्हटलं, अहो, मी आहे. दोनदा मारलं. खालचे दोन दात गेले माझे. तिसरा मारायच्या आधी आपणहून थांबले आणि जाऊन झोपले." तिने ओठ खाली ओढून दात दाखवले. दोन दात बाकीच्यांपेक्षा पांढरे होते. "उठल्यावर माझं सुजलेलं तोंड बघून विचारतात, हे काय झालं गं? इतक्या मायेने विचारलं की मी म्हटलं, न्हाणीघरात पाय घसरला. दुसऱ्या दिवशी यांनी रबरी चटई आणून टाकली तिथे. गुडघ्यांवर बसून चारही कोपरे चिकटवले. मला म्हणाले, आता नाही घसरायचीस. तेव्हा मला वाटलं, यांना खरंच आठवत नाही, हे दुखणंच आहे. म्हणून राहिले मी. ताटली अंगावरून गेली त्या दिवशी मात्र धीर सुटला. आणि मग तो कागद आला, की सगळं आठवतं. मला वाटलं, चटईसुद्धा नाटक होतं."

खांब्या आपले हात बघत होता. उलटे करून, सुलटे करून. त्याला तो रविवार आठवत नव्हता. चटई आठवत होती. ती चिकटवताना आपण किती काळजीवाहू नवरा आहोत असं वाटलं होतं, तेही आठवत होतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, अशा वर्षानुवर्षांच्या माराने मेंदू असा होतो, चित्रात ते दिसेलच असं नाही. पूर्ण बरं करणारं औषध नाही. राग आणि उदासी आवरायला औषधं आहेत, ती आजपासून सुरू करू. उपयोग किती होईल ते आज सांगता येणार नाही. दर पंधरा दिवसांनी या. आणि जगायचा कंटाळा आला की त्याच दिवशी या, पंधरा दिवस थांबू नका.

दोघं बाहेर रस्त्यावर आले. बसथांब्यावर फारशी गर्दी नव्हती. ती म्हणाली, "चला."

"कुठे?"

"घरी. अजून कुठे? ताईला मी फोन करून सांगते. माझं सामान काय, उद्या आणू." तिने डोळे पुसले. "तुमचा दोष नव्हता. कळलं ना आता. मी आहे, सांभाळीन तुम्हाला."

सात महिने तो या वाक्याची वाट बघत होता. त्यासाठी पाच शब्द पाठ केले होते, खोटं बोलला होता, कोचच्या दारात उभा राहिला होता. ते वाक्य आता समोर होतं, फक्त हो म्हणायचं होतं. रिकाम्या खोलीत तो रोज ते "हो" म्हणून बघत असे.

"नको," खांब्या म्हणाला.

"काय नको?"

"तू नको येऊस. मी पुन्हा मारीन आणि सकाळी तुलाच विचारीन, काय झालं म्हणून."

"औषध आहे ना आता."

"ते चालतंय का बघू दे. वर्षभर बघू दे. मी दर पंधरा दिवसांनी इथे येईन, तुला यायचं असेल तर इथेच ये. इथे माणसं असतात. घरी नको."

ती पुष्कळ बोलली. रागावली, रडली, सव्वीस वर्षं काढली, लोक बघतायत याचीही पर्वा केली नाही. दोन बस गेल्या. तो एकच शब्द धरून बसला होता. तिसरी बस आली ती बहिणीकडे जाणारी होती. त्यानेच हात करून थांबवली. ती चढली, खिडकीत बसली, आणि बस सुटता सुटता म्हणाली, "अहो, वेळेवर जेवत जा."

"हो," तो म्हणाला.

सात महिन्यांनी ती आपणहून घरी यायला निघाली होती, आणि त्यानेच तिला परत पाठवलं. बस वळून दिसेनाशी झाल्यावरही तो बराच वेळ तिथे उभा होता. मग औषधाची चिठ्ठी उघडून, कोणती गोळी सकाळी आणि कोणती रात्री, ते वाचत वाचत चालायला लागला.